कमरेचं हत्यार

मंडळी, या शनिवारचा विषय जरा वेगळा आहे. पिस्तूल! तेही साधंसुधं नव्हे, प्लास्टिकच्या बॉडीचं, 'नवीन सुधारित आवृत्ती' वगैरे लिहिलेलं. मोबाईलसारखं हल्ली पिस्तुलांचंही व्हर्जन निघतं. नवीन व्हर्जन आलं की जगभरातले हौशी लोक त्याची वजनकाट्यापासून ट्रिगरपर्यंत चिरफाड करतात आणि शेवटी एक ठरलेला प्रश्न विचारतात : ड्यूटीसाठी चांगलं का? स्वसंरक्षणासाठी चांगलं का?

प्रश्न चांगला आहे. पण आपल्याकडे तो विचारायचा तर आधी थोडा इतिहास बघावा लागतो. कारण ड्यूटी कोणाची, संरक्षण कोणापासून, आणि हत्यार बाळगायची परवानगी कोणाला, या तिन्हींची उत्तरं आपल्या मातीत वेगळी आहेत. मी बुलढाणा जिल्ह्याचा, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

जिजाऊंचं जन्मगाव म्हणून सिंदखेडराजा सगळ्यांना माहीत आहे. तिथेच लखुजी जाधवरावांची भव्य समाधीही आहे. १६२९ साली निजामशाहीच्या दौलताबादच्या दरबारात लखुजी आणि त्यांच्या घरातली माणसं दगा करून मारली गेली. फौज होती, जहागीर होती, नाव होतं. पण ज्या क्षणी गरज पडली त्या क्षणी यातलं काहीच हाताशी नव्हतं. आता तीस वर्षं पुढे या. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. लखुजींचा नातू अफझलखानाला भेटायला जातो तो अंगरख्याखाली चिलखत घालून आणि छोटं हत्यार लपवून. आजोबांचा शेवट नातवाच्या डोक्यात होता का, हे कागद सांगत नाहीत. पण कमरेच्या हत्याराची व्याख्या या दोन प्रसंगांत पूर्ण सापडते. मोठं हत्यार जवळ नाही, समोरचा हातभर अंतरावर आहे, आणि वेळ दोन-चार सेकंदांची आहे. तेव्हा जे कामाला येतं ते कमरेचं हत्यार. बिचवा असो की पिस्तूल, रिक्वायरमेंट तीच.

म्हणूनच पिस्तुलाची तुलना रायफलशी करण्यात अर्थ नाही. रायफल लढायला जाताना नेतात. पिस्तूल असतं ते लढाई अचानक अंगावर आली तर. दिवसभर कमरेला वागवायचं आणि वापरायची वेळ येऊ नये अशी इच्छा करायची. अशा वस्तूत दोन गुण लागतात. ती वागवायला सोपी हवी, आणि वर्षानुवर्षं वापरली नाही तरी लागेल तेव्हा चालली पाहिजे.

महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल गाजलं ते १९०९ साली. तोवर कमरेचं हत्यार म्हणजे रिव्हॉल्व्हर, फिरत्या चक्रीत पाच-सहा गोळ्या. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी माणसानं बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी चपटं, खिशात मावणारं पिस्तूल बनवलं. गोळी सुटली की त्याच धक्क्यानं रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि पुढची गोळी आपोआप चेंबरमध्ये येते. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एवढंच. प्रत्येक गोळीसाठी ट्रिगर मात्र नव्यानं ओढावा लागतो. त्या काळची ही 'लेटेस्ट' टेक्नॉलॉजी होती. लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन याच्याबरोबर भारतात धाडली, पेटीच्या चोरकप्प्यात लपवून. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला तो ब्राउनिंगनंच. गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचा होता. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात तो, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फाशी गेले.

इंजिनिअरच्या नजरेनं बघितलं तर क्रांतिकारकांची निवड अगदी नेमकी होती. त्यांना लांबचा पल्ला नको होता, जबरदस्त ताकदही नको होती. चपटेपणा हवा होता, पेटीत आणि कोटाच्या खिशात लपण्यापुरता. वापर ठरला, मग हत्यार ठरलं. पुढच्या शंभर वर्षांत हा क्रम बऱ्याच जणांनी उलटा केला, आणि घोळ तिथेच झाला.

अर्थात सरकारही गप्प बसणारं नव्हतं. लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ मध्ये, शस्त्र कायदा झालेलाच होता. हिंदी माणसाला परवाना लागायचा, युरोपियनांना सूट होती. हा सल इतका खोल होता की १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्कसुद्धा आला. मग घटना समितीत काय झालं? डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की नागरिकाला शस्त्र बाळगायचा हक्क द्यावा. गंमत म्हणजे कामत निवडून आले होते मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून. आमचा बुलढाणा तेव्हा त्याच प्रांतात! डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा साधारण असा, की सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारही मागतील. दुरुस्ती पडली. आज घटनेच्या कलम १९ मध्ये एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य आहे ते 'शांततेने व विनाशस्त्र'.

मग आला १९५९ चा शस्त्र कायदा. त्याचं कलम १३ मला फार रोचक वाटतं, कारण त्यात चक्क वापरावरून हत्यार ठरवलंय. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची साधी बंदूक, किंवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, तर बाकी काही आक्षेप नसल्यास परवाना द्यावा, असा कायद्याचा सूर आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मागितलं की मात्र 'सबळ कारण' द्यावं लागतं. म्हणजे मोताळ्याकडच्या डोंगरपट्ट्यातल्या शेतकऱ्याची गरज कायद्याला कळते. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत मका नि हरभरा झोपवून जातात, आणि ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेच्या गावांत अस्वलाची भीती असतेच. या माणसाला तुम्ही जगातलं सर्वोत्तम नवीन पिस्तूल दिलंत तरी त्याचा उपयोग शून्य. त्याला हवा असतो मोठा आवाज. (आणि प्राणी मारायचा तर वनखात्याची परवानगी वेगळी, हे आहेच.)

असो. आता पोलिसांकडे वळू, कारण 'ड्यूटी' हा शब्द खरा त्यांचा आहे.

इंग्रज गेले तेव्हा मागे वेब्ली आणि एनफिल्ड रिव्हॉल्व्हरं ठेवून गेले. रिव्हॉल्व्हरचा मोठा गुण म्हणजे एखादं काडतूस फुसकं निघालं तर ट्रिगर पुन्हा ओढा, चक्री फिरून पुढचं काडतूस समोर येतं. तोटा असा की गोळ्या सहाच, आणि पुन्हा भरायला वेळ. पुढे आलं ९ एमएम पिस्तूल. हे मूळ ब्राउनिंगचंच शेवटचं डिझाईन. ब्राउनिंग १९२६ मध्ये वारला, त्याचं अर्धवट काम एफएनच्या द्योदोने सेव्ह यानं पूर्ण केलं आणि १९३५ मध्ये 'हाय-पॉवर' बाजारात आलं. मॅगझिनमध्ये तेरा गोळ्या, त्या काळात हे फारच होतं! दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या इंग्लिस कंपनीनं ते बनवलं, आणि नंतर आपल्याकडे बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत 'पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए' या नावानं त्याचं उत्पादन सुरू झालं. लष्कर आणि पोलीस दोघांकडे ते पोचलं. कार्बाइनमध्ये चालते तीच ९ एमएमची गोळी यातही चालते, हा सगळ्यात मोठा फायदा. भांडारातला एक आयटम कमी होणं म्हणजे काय, हे ज्यानं सरकारी स्टोअर पाहिलंय त्यालाच कळेल :-)

पण हे पिस्तूल सगळं पोलादी. रिकामंच नऊशे ग्रॅमच्या आसपास. वर कातडी होल्स्टर, आत पावसाळ्याचा दमटपणा आणि उन्हाळ्याचा घाम. मलकापूर-खामगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो. अशा उन्हात बारा-बारा तास बंदोबस्ताला उभं राहिलेल्या माणसाला प्रत्येक शंभर ग्रॅम जाणवतो. शिवाय हे 'सिंगल ॲक्शन' पिस्तूल. घोडा चढवलेला, सेफ्टी लावलेली, अशा स्थितीत वागवायचं, नाहीतर ऐन वेळी स्लाइड मागे ओढायची. दोन्ही गोष्टींना सराव लागतो. हा 'सराव' शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता प्लास्टिक. गास्टोन ग्लॉक नावाचा ऑस्ट्रियन इंजिनिअर. पन्नाशी ओलांडलेला, त्याआधी एकही पिस्तूल न बनवलेला माणूस. त्याचा धंदा पडद्याच्या दांड्या, प्लास्टिकच्या वस्तू आणि लष्कराला लागणारे चाकू यांचा. ऑस्ट्रियाच्या सैन्याला नवीन पिस्तूल हवंय हे कळल्यावर त्यानं जाणकारांना बसवून विचारलं की तुम्हाला नेमकं काय हवंय. (हो, हीच ती आपली रिक्वायरमेंट मीटिंग!) १९८२ मध्ये त्याचं पिस्तूल निवडलं गेलं. त्याच्या सतराव्या पेटंटवरून नाव ग्लॉक १७, आणि योगायोगानं मॅगझिनमध्ये गोळ्याही सतराच. खालची फ्रेम नायलॉनवर आधारलेल्या पॉलिमरची, आत पोलादी पट्ट्या बसवलेल्या. वरची स्लाइड आणि नळी पोलादाची. रिकामं वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. सुटे भाग जेमतेम चौतीस. बाहेर सेफ्टीचा खटका नाही. ट्रिगरवरच एक छोटी पाती, आणि आत आणखी दोन सेफ्टी.

पॉलिमर फ्रेमचं पहिलं पिस्तूल मात्र हे नव्हे. जर्मनीच्या हेकलर अँड कॉखनं १९७० मध्येच व्हीपी७० आणलं होतं. पण त्याचा ट्रिगर जड होता आणि ते फार चाललं नाही. मोबाईलच्या दुनियेत पहिला टचस्क्रीन कोणाचा हे कोणाला आठवतं? तसंच.

अमेरिकेत मात्र गदारोळ झाला. प्लास्टिकचं पिस्तूल, विमानतळाच्या मशीनला दिसणारच नाही, अतिरेकी घेऊन चढतील, अशी आवई १९८६ मध्ये उठली. वास्तविक त्यात पोलादच इतकं होतं की एक्सरे मशीनवर ते स्वच्छ दिसायचं. तरी १९८८ मध्ये अमेरिकेनं 'न दिसणाऱ्या' बंदुकांविरुद्ध कायदा केला. आणि त्याच काळात तिथले पोलीस धडाधड रिव्हॉल्व्हर सोडून ग्लॉक घेऊ लागले. आपल्याकडे एनएसजीचे कमांडो ते वापरतात.

मग सुरू झाली आवृत्त्यांची माळ. २०१० च्या चौथ्या पिढीत मुठीच्या मागची पट्टी बदलता येऊ लागली. छोट्या हाताच्या माणसाला छोटी मूठ. ऐकायला किरकोळ वाटतं, पण महाराष्ट्रात सरकारी नोकरीत स्त्रियांना ३० टक्के आरक्षण आहे. मोठ्या गोऱ्या पंज्यासाठी बनवलेली मूठ बुलढाण्याच्या एखाद्या महिला फौजदाराच्या हातात नीट बसत नसेल, तर तिचा नेम चुकण्यात तिचा काय दोष? २०१७ च्या पाचव्या पिढीत मुठीवरचे बोटांचे खाचे गेले, स्लाइडचा खटका दोन्ही बाजूंना आला, म्हणजे डावखुऱ्यांचीही सोय झाली. मॅगझिन घालायचं तोंड रुंद झालं, नळीच्या आतला कंगोरा बदलला. नीट बघितलंत तर कळेल, यातली एकही सुधारणा गोळी जास्त जोरात जावी म्हणून नाही. सगळ्या सुधारणा माणसाच्या हातासाठी आहेत.

आणि नवीन आवृत्ती म्हणजे नवीन बग, हेही ओघानं आलंच. चौथ्या पिढीतली रिकॉइल स्प्रिंग काही पिस्तुलांत नीट वागेना, तेव्हा २०११ मध्ये कंपनीनं ती फुकट बदलून दिली. याहून मोठा धडा सिग सावरच्या पी३२० चा. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्करानं या पिस्तुलावर आधारलेलं मॉडेल निवडलं. केवढी मोठी पावती! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उघड झालं, की बाजारात विकलं गेलेलं पी३२० एका विशिष्ट कोनात, मागच्या बाजूवर पडलं तर ट्रिगरला हात न लावता गोळी सुटू शकते. प्रमाणित चाचण्यांत ते पास झालेलं होतं. त्या चाचण्यांत तो कोनच नव्हता! कंपनीनं ट्रिगर आणि आतले भाग बदलून द्यायची योजना जाहीर केली. टेस्ट केस लिहिणाऱ्या माझ्या मित्रांनो, हे वाक्य प्रिंट काढून लावा : चाचणीत पास होणं म्हणजे चाचणीत जे विचारलं तेवढ्यात पास होणं.

पिस्तुलाची चाचणी नीट कशी करावी हा विचारही एका अपयशातून सुरू झाला. ११ एप्रिल १९८६, मायामी. एफबीआयचे आठ एजंट, समोर दोन दरोडेखोर. दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ एमएमची गोळी लागली होती, पण ती हृदयापर्यंत न पोचता अलीकडेच थांबली आणि तो लढत राहिला. एफबीआयनं मग गोळ्यांची पद्धतशीर परीक्षा सुरू केली. जेलीच्या ठोकळ्यात गोळी बारा ते अठरा इंच शिरली पाहिजे. मध्ये कापड, काच, पत्रा असला तरी. ९ एमएम कमी पडते म्हणून आधी १० एमएम आली, मग १९९० मध्ये .४० ची गोळी. त्यात धक्का जास्त, नेम कमी. दरम्यान ९ एमएमच्या गोळीतच सुधारणा झाल्या आणि २०१५-१६ च्या सुमारास एफबीआय पुन्हा ९ एमएमवर परतली. तीस वर्षांची प्रदक्षिणा! पण फुकट नाही गेली. जाताना समज होता की गोळी मोठी हवी. येताना कळलेलं होतं की गोळी योग्य जागी लागायला हवी.

आणि ती लागते का? अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशननं (आपला पुण्याचा १८९७ चा रँड नव्हे!) २००८ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा अभ्यास केला. समोरूनही गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभरातल्या फक्त १८ गोळ्या लागल्या होत्या. हे न्यूयॉर्कचे पोलीस, ज्यांना नेमानं सराव असतो. उरलेल्या ८२ गोळ्या कुठेतरी जातातच. आता डोळ्यासमोर शेगावची प्रकटदिनाची गर्दी आणा. तिथे बंदोबस्ताला असलेल्या माणसासाठी 'मॅगझिनमध्ये सतरा गोळ्या' हे वाक्य अभिमानाचं वाटायच्या आधी काळजीचं वाटलं पाहिजे.

आता २६ नोव्हेंबर २००८. त्या रात्रीबद्दल खूप लिहिलं गेलंय, मी फक्त हत्यारांपुरतं बोलतो. सीएसटीवर अतिरेक्यांकडे एके-४७, आणि रेल्वेच्या शिपायांकडे .३०३ रायफली. दर गोळीला बोल्ट मागेपुढे करायचा, अशी महायुद्धाच्या काळातली रचना. गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीत काही अधिकाऱ्यांकडे छोटी हत्यारं होती, बाकीच्यांच्या हातात लाठ्या. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला. २००९ मध्ये ओंबळे यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं.

या प्रसंगानंतर सगळीकडे एकच ओरड झाली, पोलिसांना आधुनिक हत्यारं द्या. बरोबरच होतं ते. २००९ मध्ये 'फोर्स वन' उभी राहिली, खरेद्या झाल्या. पण राम प्रधान समितीच्या अहवालात आणखी एक मुद्दा होता, जो मथळ्यांत तेवढा आला नाही. सरावाला पुरेशी काडतुसंच मिळत नव्हती! मला विचाराल तर त्या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात भयंकर ओळ आहे. ओंबळेंच्या शौर्याला सलाम करताना हेही म्हटलं पाहिजे, की ज्या यंत्रणेला माणसाच्या छातीची ढाल करावी लागते ती यंत्रणा नापास आहे. नवीन पिस्तुलाचा फोटो पेपरात छापता येतो. वर्षाला माणशी किती गोळ्या सरावात झाडल्या, याचा फोटो कोण छापणार?

ही कुचंबणा काडतुसं दूर बनतात म्हणून आहे असंही नाही. छोट्या हत्यारांची काडतुसं बनवणारा खडकीचा कारखाना १८६९ पासून पुण्यात आहे. मलकापूरहून भुसावळकडे निघालात तर थोड्याच अंतरावर वरणगावचा काडतूस कारखाना लागतो. २०२१ मध्ये जुनं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या, त्यातल्या दारूगोळ्याच्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आहे. काडतुसं आपल्या दारात बनतात. ती सरावाच्या मैदानापर्यंत पोचवणं हे इंजिनिअरिंगचं काम नव्हे, बजेटचं आणि इच्छेचं आहे.

इंजिनिअरिंग आपल्याला जमतं, हे पुण्यानं अलीकडे दाखवलंच आहे. जानेवारी २०२१ मध्ये पाषाणच्या एआरडीई आणि महूच्या इन्फंट्री स्कूलनं मिळून 'अस्मि' नावाचं ९ एमएम मशीन पिस्तूल जाहीर केलं. लष्कराच्या बाजूनं डिझाईन लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचं. वरचा भाग विमानात वापरतात तसल्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, ट्रिगरचे काही भाग थ्री-डी प्रिंटिंगनं बनवलेले. चार महिन्यांत तयार, आणि एकाची किंमत पन्नास हजारांच्या आत राहील असा अंदाज. २०२४ मध्ये लष्कराच्या नॉर्दर्न कमांडनं ५५० नग मागवले. हे ग्लॉकसारखं कमरेचं पिस्तूल नव्हे, त्याहून मोठं हत्यार आहे. पण पोलादाचं वजन काढून टाकायची वाट तीच.

तर मग निकाल काय? आधी ड्यूटीबद्दल. जुन्या पोलादी ९ एमएमच्या जागी नवीन पॉलिमर पिस्तूल आलं तर मी म्हणेन, जरूर यावं. पाव किलोहून जास्त वजन कमी होतं, गंज कमी, गोळ्या जास्त, मूठ हातागणिक बदलते, भाग कमी म्हणून दुरुस्ती सोपी. पण अट अशी, की त्याबरोबर ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर आलं पाहिजे. बाहेर खटका नसलेलं पिस्तूल जुन्या सैल कातडी म्यानात खुपसणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. आणि सरावाची काडतुसं आली पाहिजेत, दर महिन्याला. न्यूयॉर्कवाल्यांनी अपघात टाळायला ट्रिगरच मुद्दाम जड करून घेतला होता, सुमारे साडेपाच किलोचा. त्यानं नेम बिघडतो. प्रशिक्षणाची उणीव स्प्रिंगनं भरून काढायचा तो प्रकार होता. तसं आपण करू नये.

प्रमाणही सुटू देऊ नये. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामात सीआरपीएफचे चाळीस जवान गेले, त्यात आमच्या जिल्ह्यातले दोघे होते, एक मलकापूरचा आणि एक लोणार तालुक्यातला. तिथे गाडीभर स्फोटकांपुढे कुठल्या पिस्तुलाचं काय चालणार होतं? वर्दीतल्या माणसाचं संरक्षण म्हणजे रस्ता, बातमी, वाहन, चिलखत आणि मग शेवटी कमरेचं हत्यार. त्या यादीत पिस्तूल शेवटी येतं, चर्चेत मात्र सगळ्यात आधी.

आता स्वसंरक्षण, म्हणजे तुमचं-आमचं. इथे ते नवीन पॉलिमर ९ एमएम कितीही भारी असलं तरी प्रश्न मिटलेलाच आहे. ९ एमएम नागरिकांसाठी निषिद्ध बोअर. तुम्हाला मिळू शकतं ते .३२ चं, म्हणजे ढोबळमानानं १९०९ च्या ब्राउनिंगच्याच कुळातलं काडतूस. त्याची ऊर्जा ९ एमएमच्या निम्म्याहून कमी. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' हे अर्धा किलोचं .३२ रिव्हॉल्व्हर आणलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतरचे दिवस होते ते, आणि जाहिरातीचा रोख सरळ होता. पण रात्री साडेदहाला कंपनीची कॅब पकडणारी किती जणी सव्वा लाखाचं रिव्हॉल्व्हर, परवाना, पोलीस तपासणी, २०१६ च्या नियमांप्रमाणे सुरक्षिततेचं प्रशिक्षण, आणि मग आयुष्यभराचा सराव, हे सगळं करणार? आणि ज्यांना हे परवडतं त्यांना धोका सगळ्यात जास्त असतो का? कायद्यानं खासगी बचावाचा हक्क प्रत्येकाला आहे, पूर्वी दंडसंहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. पण तो गरजेपुरत्याच बळाचा हक्क आहे, आणि घाबरलेल्या, सराव नसलेल्या हाताला गरजेपुरतं बळ मोजता येत नाही. शंभरातल्या त्या १८ गोळ्या नेमानं सराव करणाऱ्यांच्या होत्या, विसरू नका.

म्हणून माझं मत असं. पोलिसासाठी चांगलं पिस्तूल ते, ज्याच्याबरोबर काडतुसांचा खोका आणि उस्ताद येतो. आणि तुमच्या-माझ्यासाठी चांगलं पिस्तूल ते, जे आपल्याजवळच्या ठाण्यातल्या नीट सराव झालेल्या फौजदाराच्या कमरेला आहे. त्याच्या सरावाचा खर्च आपल्या करातून जातो. तो मागायचा हक्क आपल्याला आहे आणि तो आपण कधीच वापरत नाही. पुढच्या वेळी 'पोलिसांना अत्याधुनिक शस्त्रं' अशी बातमी वाचलीत तर एकच प्रश्न विचारा : गोळ्या किती?

चला, पुढच्या शनिवारी भेटू. तेव्हा एखादा शांत विषय घेईन म्हणतो, लोणारच्या सरोवराचा वगैरे.